सुकट पाखडणारी फेन

तू गेल्याचं मला ग्रूपवरच्या मेसेजनं कळलं, फेन, आणि याचा मला अजून राग येतोय. मंगळवारची सकाळ, साडेनऊची मीटिंग, कुणीतरी आपण काल काय केलं ते रंगवून सांगत होतं, आणि टेबलावरचा फोन थरथरला. तुमच्या कॅम्पच्या ग्रूपवर तुझ्या नवऱ्यानं, हाओनं, दोन ओळी टाकल्या होत्या. फेन आज सकाळी गेली. त्रास झाला नाही. मी कॅमेरा बंद केला, माईक बंद केला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. माझी पाळी आल्यावर माईक सुरू करून म्हणाले, "नो अपडेट्स फ्रॉम माय साइड." हे शब्द माझ्या तोंडून निघाले कसे, मला अजून कळत नाही.

हाओवर रागावण्यात अर्थ नाही. तो बिचारा कुणाकुणाला फोन करणार होता? पण तो मला वेगळा फोन करेल, मला एकटीला, असं मी धरून चालले होते. आणि लगेच मनात आलं, कोणत्या तोंडानं मी ही अपेक्षा करतेय? तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलतेय. तुला सगळं माहीत होतं आणि तू बोलली नाहीस, हेच तर मला खातंय.

अकरा वर्षं आपण एकमेकींना पाठ लावून बसलो. सांता क्लारातली ती बिनखिडकीची लॅब, बाराही महिने गारठलेली. तू हार्डवेअर तपासायचीस, मी सॉफ्टवेअर, आणि काही बिघडलं की दोघी एकमेकींच्या नावावर बिल फाडायचो. पण ओळख झाली ती कामातून नाही, वासातून. तू डब्यात कोबी आणि सुकी कोळंबी घातलेला भात आणायचीस. मायक्रोवेव्हचं दार उघडलं की अख्खा मजला नाक धरायचा. कुणीतरी वर चिठ्ठी चिकटवली, की उग्र वासाचे पदार्थ इथे गरम करू नयेत. आपल्या टीममधले पुण्यामुंबईचे सगळे हसले आणि त्यांच्यात मीही हसले. "ओ गॉड, आली यार ती परत," हे वाक्य माझंच होतं. ते तुला मी कधी सांगितलं नाही. आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, हे त्यांना सांगितलं नाही.

तू ती चिठ्ठी वाचलीस, काढून कचऱ्यात टाकलीस आणि डबा चांगली दोन मिनिटं गरम केलास. मग पार्किंगसमोरच्या बाकावर जाऊन एकटी जेवायला बसलीस. तीन दिवस मी पँट्रीच्या काचेतून बघत होते. चौथ्या दिवशी माझा पोळीभाजीचा डबा घेऊन तुझ्या शेजारी येऊन बसले आणि विचारलं, "मला एक घास देशील?" तू अख्खा डबाच पुढे केलास. पहिल्याच घासाला माझे डोळे भरून आले आणि तुला वाटलं मला तिखट लागलं. तू पाण्याची बाटली उघडून हातात दिलीस. त्या दुपारी मी तुला ते सांगितलं, जे अमेरिकेत माझ्या नवऱ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. की आम्ही मुरूडचे कोळी. की माझे वडील होडीवर जायचे आणि माझी आई बाजारात पाटी लावून सुकट विकायची. सुकट म्हणजे हीच तुझ्या डब्यातली छोटी कोळंबी, उन्हात वाळवलेली. त्या सुकटीवर मी इंजिनियर झाले. तू विचारलंस, "मग हे सीक्रेट का आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

आता देऊन बघते. कॉलेजात मला एका मुलीनं विचारलं होतं, तुझ्या दप्तराला कसला वास येतो गं? बस, एवढंच. तिनं वाईट मनानं विचारलं नसेलही. पण त्यानंतर मी आयुष्यभर धुतच राहिले. इथे आमच्या मराठी मंडळात मी 'मुरूडची' एवढंच सांगायचे. लग्नानंतरच्या आडनावानं काम सोपं केलं. लोकांनी आपापल्या मनानं माझ्या माहेराभोवती नारळी-पोफळीची वाडी लावली, आणि मी ती उपटायला गेले नाही. मासे खाते म्हटलं तर पापलेट, सुरमई असं सांगायचं. सुकटीचं नाव काढायचं नाही.

आणि तू? तू मला थेट कॅम्पवर घेऊन गेलीस.

मला अजून आठवतं, गाडीत तू नीट काही सांगितलंच नाहीस. "माझा वीकेंडचा हिस्टरी ग्रूप आहे, ड्रेस घालून करतो," एवढंच. मी आपली रेशीम, सोनेरी ड्रॅगन, राजकन्येचे गजरे असं काहीतरी डोक्यात घेऊन आले. दीड तासानं खाडीकाठी उतरले तर समोर एक मोडका लाकडी धक्का, चारपाच खोपटी, आणि विटक्या निळ्या सदऱ्यांतली अनवाणी माणसं. शंभरेक वर्षांपूर्वी तिथे चिनी कोळ्यांची वस्ती होती. ते कोळंबी पकडायचे, मोठाल्या कढयांत उकडायचे, टेकडीच्या उतारावर पसरून वाळवायचे, सालं सुटावीत म्हणून लाकडी तळव्यांची पादत्राणं घालून तुडवायचे, पाखडायचे आणि पोत्यांत भरून बोटीनं चीनला पाठवायचे. मग सरकारनं त्यांच्या जाळ्यांवर बंदी आणली आणि वस्ती उठली. आता तिथे पार्क आहे. महिन्यातून एका शनिवारी तुम्ही दहाबारा जण त्या काळचे कपडे घालून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तीच कामं करायचात. रिटायर्ड बसड्रायव्हर वाँग अंकल, बेकरीवाली, डेंटिस्टकडे फोन घेणारी ती उंच मुलगी, दोन अकाउंटंट. एकही राजा नव्हता तुमच्यात. सगळे हमाल, खलाशी, आचारी.

तुझी भूमिका बाईची होती. वस्तीची एक जुनी नोंदवही सापडली होती म्हणे, तिच्यात पुरुषांची नावं होती आणि एका पुरुषापुढे नुसतं 'बायको' लिहिलं होतं. तीच तू व्हायचीस. लोक विचारायचे, तुझं नाव काय? तू म्हणायचीस, "माहीत नाही. लिहिलेलं नाही." मुलं किती? माहीत नाही. नवरा मारायचा का? माहीत नाही. मी वैतागायचे. "अगं, एक नाव दे ना तिला. मेई म्हण, लान म्हण, कुणाचं काय जातंय? लोकांना छान वाटेल." तू मान हलवायचीस. "मी आज नाव दिलं तर उद्या तेच खरं होईल. आणि ती खरी बाई परत एकदा पुसली जाईल." तुझा हा हट्ट मला अजिबात पटला नव्हता. आजही पूर्ण पटलेला नाही. हे भांडण आपलं राहून गेलं बघ.

दुसरं भांडण त्याहून मोठं. मी तुला एकदा सरळ विचारलं होतं, की ही माणसं तुझी कोण? ती दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरची, तू हुनानच्या डोंगरातली. त्यांची बोली तुला कळत नाही. बावीस वर्षांची होईस्तोवर तू समुद्र पाहिला नव्हतास. मग हा कसला वारसा? तू कढईतली कोळंबी ढवळत होतीस, हात थांबला नाही. म्हणालीस, तुमच्या घराण्याची एक वही होती, कितीतरी पिढ्यांची नावं लिहिलेली. तुझ्या आजीनं ती स्वतःच्या हातानं चुलीत घातली. तेव्हा जुनं घरात सापडणं म्हणजे गुन्हा होता आणि गल्लीत शेजारच्या घराची झडती सुरू झाली होती. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिला एकही नाव पाठ नव्हतं. पणजोबांच्या पलीकडे तुमच्याकडे कुणीच उरलं नाही. "माझे जळले," तू म्हणालीस. "आणि या लोकांकडे वीकेंडला कुणी येत नाही. सो आय कम."

 पण तेव्हा माझ्या डोक्यात जे यायला हवं होतं ते आलं नाही. तुझ्याकडे काहीच राहिलं नव्हतं, म्हणून तू दीडदीड तास गाडी चालवून परक्यांची आठवण सांभाळायला येत होतीस. माझ्याकडे अख्खी आई होती, जिवंत, आणि मी तिला झाकून ठेवत होते.

आई इथे आली त्या वर्षीचं तुला आठवत असेलच. बॅगेत तिनं दोन किलो सुकट आणली होती, चार पिशव्यांत गुंडाळून, वर माझी जुनी ओढणी बांधून. मी ती गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवली. "घरात नको गं, वास जात नाही, फायर अलार्म वाजेल," असं काहीतरी तोंडाला येईल ते बोलले. आई म्हणाली, "ठेव गो कुठं ठेवायची ती." तिसऱ्या दिवशी तू आलीस, गॅरेजमधून आत शिरलीस आणि नाक वर करून जिथल्या तिथे उभी राहिलीस. मग तुम्ही दोघींनी मला न विचारताच पिशव्या परसात नेल्या.

कॅम्पवर पाखडायचं काम तुमच्यात कुणालाच येत नव्हतं. पार्कातलं जुनं यंत्र वापरायला परवानगी नव्हती, आणि तू चिनी दुकानातून आणलेलं बांबूचं सूप घेऊन कोळंबी अंगावर, केसांत, वाँग अंकलच्या टोपीत उडवायचीस. ते सूप तुझ्या गाडीतच होतं. परसात आईनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ह्या पोरीनं सूप उलटं धरलंन." तिला इंग्रजी येत नाही, तुला मराठी येत नाही. तिनं तुझी दोन्ही मनगटं धरली आणि खांद्यावर एक चापट मारली, म्हणजे खांदा हलवायचा नाही, मनगटानं झेलायचं. वारा कुठून येतो ते बघायला तिनं कोळंबीच्या सालांचं चिमूटभर तूस उडवलं. तू दहादा चुकलीस. अकराव्यांदा तूस पुढे गेलं आणि कोळंबी सुपात राहिली, आणि तुम्ही दोघी अशा ओरडलात, की शेजारची कुत्री भुंकायला लागली. माझी आई इथे सहा महिने होती. ती मोठ्यानं हसली ती तेवढ्या एका दुपारी.

आणि तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली. आमच्या मंडळाच्या सुमेधाकाकू आल्या होत्या, कार्यक्रमाची तिकिटं द्यायला. मी त्यांना आत घेतलं, आणि सोफ्यावर बसवण्याआधी परसाचं काचेचं दार सरकवून बंद केलं, पडदाही ओढला. काकूंनी विचारलं, आई आल्यात ना, भेटव की. मी म्हणाले, ती झोपलीय. पडद्याला जिथे फट राहिली होती तिथून मला आई दिसत होती. ती माझ्याकडेच बघत होती. मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले. तूही बघितलंस. काकू गेल्यावर मी दार उघडलं तर तू आईला मोबाइलवर कॅम्पचे फोटो दाखवत बसली होतीस, मोठमोठ्यानं इंग्रजीत बोलत. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती मान डोलवत होती.

त्या दिवशी तू मला जाताना एवढंच म्हणालीस, "युवर मदर इज अ मास्टर. डू यू नो दॅट?" मी हो म्हणाले. तू म्हणालीस, "नो, यू डोन्ट."

तू एकदा आमच्या मंडळाचं ऐतिहासिक नाटकही बघायला आली होतीस, माझी लेक ओवी त्यात भालदार होती म्हणून. फेटे, तलवारी, सिंहासन, सगळं झोकात. मध्यंतरात तू माझ्या कानाशी लागलीस, "एवढ्या सगळ्या सैन्याला जेवायला कोण घालतं? ती बाई कुठाय?" मी म्हणाले, "यार फेन, नाटक आहे, गप बघ." तू हसलीस, पण घरी जाताना परत विचारलंस. माझ्या आजोळची माणसं किल्ल्याला मासळी पुरवायची, असं आई सांगते, हे मी तुला तेव्हा सांगू शकले असते. नाही सांगितलं.

मग तुझं दुखणं आलं. पोटात दुखतं म्हणून गेलीस आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर घेऊन आलीस. लॅबमध्ये तुझी खुर्ची रिकामी झाली आणि मी पाठीमागे वळून बोलायची सवय सोडू शकले नाही, नव्या मुलाला वाटायचं मी त्यालाच काहीतरी म्हणतेय. दोन केमो झाल्यावर तुझ्या मनगटांत जोर राहिला नव्हता. सीझनचा शेवटचा कॅम्प जवळ आला. तू फोन केलास. तू माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतंस. "पाखडायला तू उभी राहशील? लहानपणी आईबरोबर करायचीस ना? वन डे. मी बाजूला स्टुलावर बसेन. मला फक्त बघायचंय, की ज्याला येतं तो माणूस ते कसा करतो." मी हो म्हणाले. तुझा निळा सदरा मला घट्ट होईल म्हणून मी हसलेही.

शुक्रवारी मंडळाच्या ग्रूपवर मेसेज आला, की उद्याची फॅमिली पिकनिक गर्दीमुळे ठरलेल्या ठिकाणाऐवजी दुसरीकडे हलवली आहे. ते दुसरं ठिकाण म्हणजे तोच पार्क. सुमेधाकाकूंनी खाली लिहिलं होतं, तिथे चायनीज लोकांचा काहीतरी सुक्या मासळीचा शो असतो म्हणे, नाकाला रुमाल आणा. पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी तासभर तो मेसेज बघत बसले. मग तुला लिहिलं, की ओवीला ताप भरलाय, खूप, उद्या मला जमणार नाही, सॉरी. तू लिहिलंस, "चाइल्ड फर्स्ट. डोन्ट वरी."

ती शनिवारची दुपार मी घरात कपड्यांच्या घड्या घालत काढली. नंतर मला कळलं, की तू स्वतःच सूप घेतलंस. तीनदा पाखडलंस आणि खाली बसलीस. पुन्हा उठलीस.

रविवारी सकाळी बेल वाजली. ओवीनं दार उघडलं, फुटबॉलचे कपडे घालून, पायात बूट, मॅचला निघालेली. दारात तू. डोक्याला टोपी, अंगात स्वेटरवर स्वेटर, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं भांडं. आलं घातलेली तांदळाची पेज. आजारी पोरीसाठी. ज्या बाईला स्वतःला दोन घास पोटात ठरत नव्हते, तिनं उभं राहून पेज शिजवली होती. मी जिन्यावर होते. ओवी म्हणाली, "हाय फेन मावशी! व्हॉट्स धिस?" तू तिच्या कपाळाला हात लावलास. हात तिथे जरा वेळ राहिला. मग तू वर माझ्याकडे बघितलंस. मी काहीतरी बोलणार होते, शप्पथ सांगते, बोलणार होते. तू भांडं ओवीच्या हातात दिलंस. "केअरफुल, हॉट," म्हणालीस आणि वळलीस. गाडीत हाओ बसला होता. ओवीनं मागे वळून मला विचारलं, "मॉम, वॉज आय सपोज्ड टू बी सिक?"

त्यानंतर तू नऊ आठवडे होतीस. मी दर दोनतीन दिवसांनी येत होते. तुझ्या पायांना तेल लावलं, तुझी उशी नीट केली, लॅबमधल्या सगळ्यांच्या कुचाळक्या सांगितल्या आणि तुला हसवलं. तू मला आईबद्दल विचारायचीस, ओवीबद्दल विचारायचीस. त्या शनिवारबद्दल एक अक्षर नाही. प्रत्येक वेळी गाडीत मी ठरवायचे, की आज बोलायचं. प्रत्येक वेळी तू इतकी थकलेली असायचीस, की वाटायचं, हिला आता माझ्या मनाचा भार कशाला. हे मी तुझ्या भल्यासाठी करतेय असं मी स्वतःला बजावत होते. खरं म्हणजे मला तुझं तोंड बघायची भीती वाटत होती.

मागच्या शनिवारी कॅम्पच्या लोकांनी तुझ्यासाठी सगळ्यांना तिथे बोलावलं होतं. भाषणं नव्हती. कढई पेटवली, कोळंबी उकडली, उतारावर पसरली. मी गेले. कुणी काही विचारायच्या आत सूप उचललं आणि पाखडायला लागले. छत्तीस वर्षांनी, फेन, आणि हात काहीच विसरले नव्हते. वाँग अंकल बघत उभे राहिले. मग जवळ येऊन म्हणाले, "तुझी मुलगी आता कशी आहे?"

मला कळेना. ते म्हणाले, "त्या वेळी तू आली नाहीस ना, तेव्हा आम्ही सगळे तुझ्यावर चिडलो होतो. फेनची तब्येत अशी आणि तू ऐन वेळी कॅन्सल केलंस. फेननं आम्हांलाच झापलं. म्हणाली, मी स्वतः घरी जाऊन आले, पोरीच्या कपाळाला हात लावला, भट्टीसारखं तापलं होतं. तिच्या आईबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

फेन. त्या निनावी बाईला तू सात वर्षांत एक नाव रचून दिलं नाहीस. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं, यावरून तू माझ्याशी भांडलीस, अकाउंटंटांशी भांडलीस. आणि माझी लाज राखायला तू त्या लोकांसमोर खोटं बोललीस, ज्यांच्यासमोर तू कधी खोटं बोलली नव्हतीस. ओवीचं कपाळ गार होतं. तुझ्या हाताला ते कळलं होतं.

वाँग अंकल उत्तराची वाट बघत होते. मी म्हणाले, "बरी आहे आता." त्यांनी माझा खांदा थोपटला. मी सूप खाली ठेवून धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले.

रात्र व्हायच्या आत आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती अंगण झाडत होती. मी सांगितलं, फेन गेली. तिनं झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, "ती चिनी पोर ना? माझा हात धरून शिकली ती." आणि पुढे, "तू तिच्यासोबत उभी राहिली होतीस ना गो, त्या तिच्या कामाला? मला सांगत होती ती फोटो दाखवून, तुलाही नेणार म्हणून. मला तेवढं कळलं होतं." मी हो म्हणाले. आईलाही मी हो म्हणाले.

आता हे सांगते आणि थांबते. आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी सुमेधाकाकूंनी माझ्याकडे लेख मागितला आहे. अमेरिकेतला एखादा हृद्य अनुभव, असं त्यांनी लिहिलंय. हा तो लेख. तुला मराठी वाचता येत नाही, त्यांना येतं. काकू, तुम्ही हे सगळ्यांच्या आधी वाचाल. त्या दिवशी माझी आई झोपली नव्हती. ती परसात होती, तुमच्यापासून दहा पावलांवर, सुकट पाखडत. तिचं नाव जनाबाई. मुरूडच्या बाजारात तिला सगळे ओळखतात. अंक निघाला, की मी तो तिला वाचून दाखवणार आहे. मग तिला कळेल, की मी फोनवर हो म्हणाले तेही खोटं होतं. वाँग अंकलना इंग्रजीत सांगणार आहे. तुझं खोटं उघडं पडेल, त्याचा मला त्रास होतोय, पण ते माझ्या नावावर आहे, तुझ्या नाही.

हे सगळं आता सोपं आहे. तू नाहीस ना बघायला. अवघड होतं ते त्या रविवारी होतं, तू दारात उभी होतीस तेव्हा. जिन्याच्या फक्त सहा पायऱ्या मला उतरायच्या होत्या. उतरून तुला म्हणायचं होतं, फेन, ओवीला ताप नाही. मला लाज वाटली. तू आत ये.